आक्कांची वही, अण्णांची वही आणि आमची फियाट



गेल्या महिन्यात मी स्वाध्यायाला पहिल्यांदा फियाट घेऊन आले. निम्म्याजणी गाडीभोवती जमल्या, "ही कुठून काढलीस?" म्हणाल्या. उरलेल्या निम्म्याजणींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी स्कूटी कुठाय?" दोन्हींचं उत्तर एकात एक गुंतलेलं आहे आणि मंदिराच्या दारात चपला घालता घालता सांगण्यासारखं नाही. म्हणून सगळं इथं लिहिते.

गाडी माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण आमच्या जयसिंगपुरात तिला कुणी त्या नावानं हाक मारली नाही, सगळे फियाटच म्हणायचे. गल्लीतली पोरं तर 'डुक्कर फियाट' म्हणायची. खरं म्हणजे ते नाव पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल फियाटचं. पोरांना काय त्याचं! आक्कांना मात्र ते नाव अजिबात आवडायचं नाही. "घरच्या गाडीला असलं काय म्हणता रे," म्हणून पोरांना रागवायच्या आणि हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायच्या.

अण्णांना या गाडीचं प्रेम का, तर ती 'आपल्या माणसाची'. प्रीमियर कंपनी काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, 1944 मध्ये, आणि कारखाना मुंबईत कुर्ल्याला. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही कारखान्यांत हात घातलेला हा आपला सोलापूरचा जैन माणूस. सांगलीच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचंच नाव आहे. तिथून जाताना अण्णा न चुकता कॉलेजकडे बोट दाखवायचे आणि मग स्टिअरिंगवर थोपटायचे. मी नवी सून असताना मनात म्हणायचे, आठ मदांत हाही एक मद बसतो की. तोंडानं अर्थातच म्हणायचे, "होय का अण्णा?"

2012 च्या मार्चमध्ये अण्णा गेले. त्यानंतर फियाट परड्यातल्या पत्र्याच्या शेडमधून हलली नाही. बारा वर्षं. 2019 च्या महापुरात कुरुंदवाडचे पाहुणे आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या गाद्या आणि धान्याची पोती तिच्या टपावर रचली होती. तेवढाच काय तो तिचा उपयोग झाला.

का हलली नाही, तेही सांगते. अण्णांच्या छातीत कळ आली ती रात्री अकराच्या सुमाराला. आमचे हे त्यांना मागच्या सीटवर झोपवून मिरजेला निघाले, आणि गाडी सुरूच होईना. सेल्फ फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. यांनी चोक ओढला, परत ओढला, पेट्रोलचा भपकारा आला. शेवटी शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीतून नेलं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. अण्णा पुढे दोन दिवस होते. डॉक्टरांनी त्या दहा मिनिटांबद्दल कधी काही म्हटलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की घाबरून चोक ओढून आपणच इंजिनात पेट्रोल भरलं. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेराव्याच्या आदल्या रात्री. मग गाडीचा विषय घरात बंद.

आता 2024 चा जून. मुलगा पुण्याहून घरी आला. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात याचाही नंबर लागला. मेकॅनिकल शिकलेला पोरगा दिवसभर माडीवर मोबाइल घेऊन पडून. जेवायला बोलावलं की "भूक नाही". तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना जास्त सांगायला नको. त्यातच यांनी भंगारवाल्याला निरोप दिला, पत्र्याची शेड मोकळी करायची म्हणून. तो येऊन पंधरा हजार म्हणून गेला. त्या दिवशी संध्याकाळी मुलगा खाली उतरला आणि आक्कांपुढं हात केला, "आजी, फियाटची किल्ली दे."

हे जेवत होते. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "नको तिथं हात घालू नकोस."

आक्का म्हणाल्या, "बघू दे की त्याला. लोखंडाला बघून काय झिजणार आहे?" आणि कनवटीच्या जुडग्यातून किल्ली काढून दिली.

पहिल्याच दिवशी काम थांबलं. मागच्या सीटखाली काथ्या उपसून उंदरानं घर केलं होतं आणि त्यात सहा पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. मुलगा सुपलीत घेऊन बाहेर ठेवायला निघाला, तर आक्का काठी टेकत शेडच्या दारात. "आईनं परत शिवलं नाही तर?" झालं. गाडी हलवायची नाही, ठोकाठोकी नाही, पिल्लं आपल्या पायानं जाईपर्यंत थांबायचं. त्यांना मोठं व्हायला तीन आठवडे लागतात म्हणे. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. पण त्या तीन आठवड्यांतच तो रोज सकाळी उठून शेडमध्ये डोकवायला लागला, आणि तिथून आला की चहा मागायला लागला. मी भंगारवाल्याला फोन करून सांगितलं, पावसाळ्यानंतर बघू.

त्याच काळात त्यानं मिरजेचे एक मिस्त्री शोधून काढले. वय सत्तरच्या पुढं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्यभर फियाटच दुरुस्त केल्या. आता गाड्याच राहिल्या नाहीत. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाल्या. चाचा रविवारी यायचे, बाकीचे सहा दिवस मुलगा त्यांनी सांगितलेलं करायचा.

चाचांचा पहिला नियम, किल्ली फिरवायची नाही. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम सेल्फ मारला तर आत चिकटलेल्या रिंगा तुटतात. म्हणून आधी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून चमचा-चमचा ऑइल सोडलं आणि दोन दिवस मुरू दिलं. (मी म्हटलं, लोणच्यासारखं. चाचा म्हणाले, "बरोबर, ताई.") मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळूहळू फिरवलं. फिरलं! त्या दिवशी मुलगा दोन भाकऱ्या जास्त जेवला.

पेट्रोलची टाकी उतरवली तर आत पेट्रोल नव्हतंच, तपकिरी, रोगणासारखा चिकट थर होता. कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांतही तोच. रबरी नळ्या हातात घेतल्या की खारीसारख्या तुटत होत्या. त्या सगळ्या नव्या घातल्या, आणि त्याही आताच्या पेट्रोलला चालणाऱ्या. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात आणि ते जुन्या रबराला खातं. आपल्याच शिरोळ तालुक्यातला ऊस अण्णांच्या गाडीच्या नळ्या खाणार, हे ऐकून आक्का बराच वेळ हसत होत्या.

ब्रेकचं काम सगळ्यात किचकट निघालं. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, चारही गंजून बसलेले. इथं एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण मुलगा तोंडानं फुंकर मारणार तेवढ्यात चाचा ओरडले. जुन्या ब्रेकच्या लायनिंगची धूळ फुंकायची नाही, झाडायची नाही. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो छातीत जातो. ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. धुण्याचं डिझेल आणि जुनं ऑइलही आम्ही परड्यात ओतलं नाही. ओतलं असतं तर मातीतले किती जीव गेले असते. कॅनमध्ये साठवून गॅरेजला दिलं.

माझ्या वाट्याला सीटा आल्या. घरच्या शिलाई मशिनवर रेक्झिन शिवता येतं का, असं ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी: येतं. अठरा नंबरची सुई घाला, टाका मोठा ठेवा, आणि रेक्झिन पायाला चिकटायला लागलं की वर पातळ कागद ठेवून शिवा, नंतर तो फाडून काढा. एकदा चुकीच्या जागी पडलेलं भोक मात्र कायमचं, उसवून उपयोग नाही. आतल्या स्प्रिंगा साफ करून त्यावर गोणपाट, मग नवा काथ्या, मग मांजरपाट. दुकानदार स्टिअरिंगला चामड्याचं कव्हर घ्या म्हणून मागं लागला होता. त्याला नको सांगितलं. पेंटिंगवाल्यालाही डुकराच्या केसांचा ब्रश वापरू नका, नायलॉनचा आणा, म्हणून आधीच बजावलं. बंपरवरचे गंजाचे ठिपके मी साध्या चपातीच्या फॉइलनं काढले. फॉइलचा बोळा पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हातानं घासायचं. रेडिएटरमध्ये क्षार साचले होते, तर लिंबूसत्त्वाचं पाणी भरून ठेवलं, मग तीन-चारदा साध्या पाण्यानं धुतलं. आपण गिझरची कॉइल धुतो तसंच.

आता वह्यांकडे येते.

गाडीचं आरसी बुक सापडेना. दुकानाच्या माळ्यावर अण्णांची पत्र्याची ट्रंक होती, ती मी उघडली. आरसी बुक मिळालं, आणि त्याखाली एक लाल कापडी बांधणीची वही. वर 'श्री', खाली 'मोटार'. 1984 पासून या गाडीत किती पेट्रोल घातलं, किती किलोमीटर झाले, काय बदललं, सगळं. टायर कधी घेतले, कितीला घेतले. 1993 च्या डिसेंबरात महामस्तकाभिषेकाला बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत श्रवणबेळगोळला गेले, त्याचा पानभर हिशोब. वाटेत गाळलेल्या पाण्याच्या कळशीला डिक्कीत गचके बसू नयेत म्हणून घेतलेल्या सुतळीची नोंदसुद्धा. आमच्या लग्नाच्या तारखेला एवढंच: "गाडी धुतली. 38 कि.मी. फुलांचा खर्च वेगळा." म्हणजे मी या घरात अडतीस किलोमीटर चालून आले, हे मला सव्वीस वर्षांनी कळलं.

मी खाली जमिनीवरच बसून वाचत राहिले. शेवटच्या पानावर 2012 चा फेब्रुवारी. शेवटची नोंद अण्णांच्या तिरक्या अक्षरात: "गाडी मिसिंग करते. पॉइंट घासले. कंडेन्सर बघणे."

मला त्यातलं काही कळलं नाही. वही मुलाला दिली. त्यानं वाचली आणि काही न बोलता शेडमध्ये जाऊन डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. रविवारी चाचा आले तेव्हा त्यांना दाखवलं. चाचांनी मला समजावलं ते असं. झाकणाच्या आत दोन छोट्या टिकल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. त्या उघडझाप करतात आणि त्या तालावर चार प्लगना आळीपाळीनं ठिणगी जाते, आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. त्या टिकल्यांच्या मध्येच ठिणगी उडून त्या जळू नयेत म्हणून शेजारी एक चिमटीत मावेल एवढी डबी असते, तो कंडेन्सर. तो बिघडला की टिकल्या जळतात, गाडी अडखळायला लागते आणि एक दिवस सुरू होत नाही. आमच्या गाडीच्या टिकल्या काळ्यानिळ्या पडून खड्डे पडलेल्या होत्या.

"उभ्या गाडीत पॉइंट जळत नाहीत, ताई," चाचा म्हणाले. "हे चालत्या गाडीत झालंय. त्या रात्री चोक ओढला असता काय, नसता काय."

हे शेडच्या दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही. मुलानं वही त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ते पान वाचलं, वही मिटली, म्हणाले, "म्हणजे अण्णांना माहीत होतं." आणि दुकानात गेले, रविवारी, दुकान बंद असताना.

शंभर रुपयांच्या आतली वस्तू हो ती, तेव्हा.

रात्री मी आक्कांचे पाय चेपत होते. त्यांना सगळं कानावर गेलेलं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ते म्हणाले होते मला, मिरजेला नेऊन एकदा दाखवतो म्हणून. मीच म्हटलं, मार्चअखेर होऊ दे, दुकानाची देणी भागू देत." माझे हात थांबले. "तू चेप," त्या म्हणाल्या.

म्हणजे बघा. एका घरात, एका स्वयंपाकघरात जेवणारी आम्ही माणसं. मुलगा बारा वर्षं एक समजून बसलेला, आई दुसरंच. कुणी कुणाला एका अक्षरानं बोललं नाही. दरवर्षी क्षमावाणीला आम्ही एकमेकांच्या पाया पडून कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागत होतो. नकळतच्या चुकांची मागितली. जी कळत होती तिचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या रविवारी हे जुनी पँट घालून शेडमध्ये आले. मुलाला म्हणाले, "पाना दे." एवढंच. त्यानं गोटी पाना दिला तर म्हणाले, "हा नव्हे, दहा-अकराचा." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते आणि माझी फोडणी जळली.

दिवाळीच्या आधी गाडी सुरू झाली. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, नवी बॅटरी. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा धूर सोडला. तिसऱ्यांदा पकडलं, आणि तो आवाज... मैत्रिणींनो, तो आवाज मी विसरले होते असं मला वाटत होतं. दुकान बंद करून अण्णा गल्लीच्या तोंडाशी आले की मी याच आवाजावर भाकरी तव्यावर टाकायची, दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण झालं पाहिजे म्हणून. आक्का आत देवघरात होत्या. बाहेर आल्या नाहीत.

का आल्या नाहीत, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी त्यांची वही काढली. 2014 च्या चातुर्मासात आक्कांनी माताजींकडून परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं होतं. शेत किती, घर किती, सोनं-चांदी किती, धान्य किती, भांडी किती, लुगडी किती, सगळी मर्यादा त्या वहीत लिहिलेली. त्यात एक ओळ: "वाहनं - दोन." यांची गाडी एक आणि माझी स्कूटी एक. फियाट त्यांनी मोजलीच नव्हती. "मी लोखंड म्हणून धरली," त्या म्हणाल्या. "आता ती चालते. तीन झाली."

मुलगा म्हणाला, "आजी, व्रत तुझं, गाड्या आमच्या. तुझ्या नावावर एक तरी आहे का?"

"मी बसते की त्यात," आक्का म्हणाल्या.

मी हा प्रश्न आपल्या स्वाध्यायात नाव न घेता विचारला होता, आठवत असेल तुम्हाला. एकीनं सांगितलं, बंद वस्तू मोजायची नसते. दुसरीनं सांगितलं, वस्तू बंद असो की चालू, आसक्ती आहे ना, मग मोजायचीच. तिसरी म्हणाली, घरात एकत्र राहून व्रत एकटीचं कसं पाळायचं, तर सगळ्यांनी थोडं पाळायचं. त्या दिवशी दशलक्षणातला आकिंचन्याचा विषय निघाला, आणि ग्रंथांत वस्तूपेक्षा तिच्यावरच्या ममत्वालाच परिग्रह म्हटलंय, हेही बोलणं झालं. मी मान डोलावत होते. डोक्यात मात्र चाललं होतं, की या तीन वाहनांत ममत्व नसलेलं एक तरी आहे का? यांच्या गाडीचे हप्ते नुकते संपलेत. फियाट तर विचारूच नका. आणि स्कूटी? स्कूटी माझी. अण्णा गेल्यावर दुकानाचं बघता बघता यांना घरात लक्ष द्यायला वेळ नसायचा, तेव्हा मी ती शिकले, पस्तिशीत, परड्यात पडत-झडत. बँक, भाजी, मुलाची शाळा, मंदिर, माहेर. कुणाला "सोडता का?" म्हणून विचारावं लागलं नाही ते तिच्यामुळं.

तोवर कागदांचाही प्रश्न उभा राहिला. गाडी अजून अण्णांच्याच नावावर. मालक वारल्यावर नाव बदलायला आरटीओचा एकतीस नंबरचा फॉर्म असतो, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. म्हणजे आक्कांची सही आणि माझ्या नणंदेची. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीची दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते, त्याचा पंचवीस नंबरचा फॉर्म, गाडीची तपासणी, तेव्हाची पाच हजार फी, पर्यावरण कर, आणि आमची मुदत कधीच उलटून गेलेली म्हणून उशिराचा दंड. कुणी सांगितलं, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. तर त्याला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते, आमची चाळिशीची. नणंदेची सही कुरिअरनं चार दिवसांत आली. आक्कांनी मात्र कागद देवघराच्या कपाटात ठेवला आणि रोज "बघू" म्हणत राहिल्या. पौष गेला, माघ आला. कुणी त्यांना घाई केली नाही, कारण त्या रागावून नव्हे, खरोखर अडून बसल्या होत्या. मोजताना चूक झाली म्हणून त्यांनी स्वतःच आठ दिवस एकाशन केलं. ऐंशीच्या घरातल्या बाईनं. मला ते बघवत नव्हतं.

मग एका दुपारी मीच म्हटलं, "आक्का, स्कूटी देऊन टाकते."

त्या म्हणाल्या, "मनापासून?"

मी म्हटलं, "नाही."

आक्का हसल्या. "मग दे," म्हणाल्या. "मनापासून व्हायची वाट बघत बसलीस तर माझा नंबर आधी लागेल." आणि सही केली. सही करताना नावापुढं अण्णांचं पूर्ण नाव लिहायचं होतं, तिथं जरा थांबल्या. बारा वर्षांत लिहिलं नव्हतं ना.

स्कूटी आमच्याकडं कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला दिली. ती रोज उदगाववरून चालत कॉलेजला यायची. आता भर्रकन दारावरून जाते आणि हॉर्न वाजवते, मला बरं वाटावं म्हणून. मला अजून पोटात तुटतं. खोटं कशाला बोलू.

आणि मी फियाट शिकले. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चार गिअर. पहिला टाकायला दांडा आपल्याकडं ओढून मग वर करायचा की आधी वर करायचा, याचा गोंधळ अजून होतो. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळं भाजी मंडईत गाडी लावायची म्हणजे सकाळची योगासनं. दोनदा चौकात बंद पडली. तेव्हा मागून हॉर्न न वाजवता ढकलायला उतरलेल्या दोघांना पुण्य लागो. शुक्रवारची मंडई मी आता चालत करते, ते एक बरं झालं.

मुलाला सांगलीत नोकरी लागली, रोज बसनं जाऊन-येऊन करतो. रविवारी तो आणि हे शेडमध्ये असतात. बोलणं अजून पान्यांपुरतंच आहे, पण पाने बरेच आहेत.

गेल्या रविवारी आक्कांना घेऊन कुंभोज बाहुबलीला गेलो. हे चालवत होते. आक्का मागच्या सीटवर, माझ्या हातच्या रेक्झिनवर, डाव्या बाजूला, जिथं त्या नेहमी बसायच्या. नेजच्या पुढं डोंगर दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "आवाज जरा वेगळा येतोय गं." हे म्हणाले, "टॅपेट आहे आई, पुढच्या रविवारी बघतो."

"पुढच्या नको," आक्का म्हणाल्या. "उद्या बघ."

सोमवारी यांनी दुकान तासभर उशिरा उघडलं. संध्याकाळी मी ट्रंकेतून काढून कपाटात ठेवलेली लाल वही जागेवर दिसली नाही. ती यांच्या गादीजवळ होती. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ ओढून लिहिलं होतं: "कंडेन्सर बदलला. टॅपेट जुळवले. बाहुबली जाऊन-येऊन." किलोमीटरचा आकडा लिहायचा राहिला होता. तो मी गाडीत जाऊन बघून आले आणि लिहिला.

जय जिनेंद्र.